ओल

भिंत पोपडे सोडत होती, कमरेइतकी.
मोहाडीचा दुकानदार म्हणाला, पावडर मिसळ.
साळभाऊ म्हणाला, जाळी ठोक, वरून छपाई.
मी थापी आणली, एक थैली सिमेंट.
मातीनं सिमेंट धरलं नाही.
रात्री धप्पकन सगळं खाली,
मांजर दोन दिवस घरात आलं नाही.

मग येनूबाईला विचारलं.
तिनं तळहात टेकवला, भिंतीचा वास घेतला.
"पल्याड काय हाय?"
रांजण.
"मंग तो सरकव ना बापा,
भिंतीले कायले मारून राह्यला?"

सरकवला.
माती, कुटार, शेण कुजवलं आठवडाभर,
हातानंच लिंपलं. बोटं अजून दिसतात.

उरलेलं सिमेंट थैलीतच गोटा झालं.
येनूबाई आता त्यावरच बसते,
वर कवेलूंकडे बघत:
"ते तिसरी ओळ पाह्य बरं."