एकोणपन्नास

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, गॅस्केटच्या कारखान्यात
सात वर्षं हजेरीपट मी लिहिला.
एकोणपन्नासाव्या नावाखाली लाल रेघ,
रेघेखाली कोरा कागद.
तिथे लिहायचं नाही, हे पहिल्या दिवशी
कुणी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पन्नास झाले की पाळणाघर लागतं. कायदा आहे.
एक खोली, एक बाई, खिडकीला जाळी
आणि दिवसातून चार वेळा
आईला उठून जायची मुभा.
चार वेळा! मी हसले होते.
मूल नव्हतं तेव्हा. वाटलं, इतकं काय असतं बघायचं.

आम्ही दांडिया बाजारातले पाळणाघर म्हणतो,
शेजारी घोडियाघर म्हणतात,
आणि किरीटभाई क्रेश म्हणतात,
तो शब्द त्यांच्या तोंडून
ओट्यावरून ताट पडावं तसा येतो.

रेघेखाली नसलेल्या बायका मला पाठ होत्या.
हंसा राठवा, पोरीला गेटवर वॉचमनच्या स्टुलाशी बसवणारी;
कुसुम यादव, जेवणाच्या सुट्टीत सायकलने तरसालीला जाऊन
पाजून परत येणारी, डबा न उघडता.
त्या ठेकेदाराच्या वहीत.
माझ्या वहीत त्या नाहीत,
म्हणजे त्यांची मुलंही नाहीत.
बेरीज माझी कधी चुकली नाही.

किरीटभाई वाईट नाहीत, हेही लिहायला हवं.
बारशाला चांदीचा वाडगा पाठवला,
सव्वीस आठवड्यांचा पगार
एक दिवसही मागेपुढे नाही.
फक्त माझ्या खुर्चीवर धारिणी आली, तात्पुरती,
मग सव्विसाव्या आठवड्यात फोन:
मुलगी हुशार आहे, कायम केली.
तुम्ही आलात तर पन्नास होतात ना, बेन.
ठेकेदाराकडून या. काम तेच, पंखा तोच,
वही तेवढी वेगळी.

ठेकेदार साडेनऊ देणार.
मांजलपूरचं घोडियाघर पाच घेतं,
आजारी मूल घेत नाही.
रिक्षा दोन हजार.
उरलं ते मी तीनदा मोजलं,
जणू मोजल्याने वाढणार होतं.
सासूबाई सातलाच बाहेर पडतात,
तीन घरच्या पोळ्या आहेत त्यांच्याकडे;
त्यांनी सोडलं तर भाडं कोण देणार,
हे मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.
नवरा म्हणाला, वर्षभर थांब.
वर्षभर म्हणजे किती
हे हजेरीवालीला सांगू नये माणसानं.

काल कपाटाची किल्ली द्यायला गेले,
अन्वयला कडेवर घेऊन.
धारिणीनं स्टुल पुढे केलं, माझंच.
लग्नाला चार महिने झालेत तिच्या,
मेंदी निघालीय, नखांवर उरलीय.
महिनाअखेरची बेरीज कशी मारायची ते दाखवलं,
पट्टी कुठे असते ते दाखवलं,
आणि इथे, म्हटलं, या रेघेखाली...
तिनं मान हलवली.
दुसरा दिवस तिचाही होऊन गेला होता.

तेवढ्यात अन्वयनं तिच्या हातातलं पेन ओढलं
आणि कोऱ्या जागेत, पन्नासाच्या ओळीत
एक वाकडी, लांबलचक रेघ मारली,
कागद थोडा फाटलाही.
धारिणी घाबरली. मी नाही.
मी ड्रॉवर उघडला, डावा, वरचा,
व्हाइटनर काढलं,
वळण वळण करत सगळी रेघ झाकली
आणि लवकर सुकावं म्हणून
त्यावर हळूहळू फुंकर घातली,
त्याच्या मऊ भातावर घालते तशी.
त्यानं तोंड उघडलं.