बरोबरच्या चिन्हानंतर

तार्तूमध्ये जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
छापखान्याच्या तळघरात औने लेपिक
पडद्यावरचा एक मॅट्रिक्स
केसभर खाली सरकवते,
मागे रेलते, चष्मा कपाळावर नेते,
परत होता तिथे आणून ठेवते.

काहीतरी बिनसलंय.

त्यांची अक्षरं जमिनीवर उभी राहतात,
आपल्यासारखी वरच्या रेघेला टांगलेली नसतात.
मॅट्रिक्स मात्र ना उभा, ना टांगलेला.
तो तोलला जातो वजाच्या चिन्हाच्या उंचीवर.
तीच उंची अपूर्णांकाच्या रेघेची,
तीच अधिकच्या आडव्या काडीची.
निम्मा वर, निम्मा खाली,
कमरेइतक्या पाण्यात थांबलेल्या माणसासारखा.

हे तिला सतराव्या वर्षी एन्देल कूसिकने शिकवलं,
जुळवलेलं पान उलटं वाचायला लावून.
तेव्हा कंस तुकड्यांत यायचा:
वरचा वाक, खालचा वाक,
मध्ये लागतील तेवढे सरळ दांडे.
ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या, पातळ;
एक जास्त पडली तर
अख्खं समीकरण लंगडायचं.
शिसं बाधू नये म्हणून रोज अर्धा लिटर दूध मिळायचं,
ती ते धाकट्या भावासाठी घरी न्यायची.
एन्देल म्हणायचा,
वाचणाऱ्याला तू दिसलीस तर चुकलीस.

आता सगळं आपोआप मध्यावर येतं.
राहू दे की तसंच, रिहो म्हणतो,
सगळं जग तसंच छापतं.
खरं आहे त्याचं.

पण वह्यांमध्ये तसं नाही.
हेल्दुर ओयावेरच्या बावीस वह्या, जांभळी शाई,
शेवटची मार्चमधली,
मग इस्पितळ, मग काहीच नाही.
आणि पानोपानी त्याचा मॅट्रिक्स खाली लोंबतो:
एक अक्षर, बरोबरचं चिन्ह,
त्याच्या अगदी समोर पहिली ओळ,
बाकीच्या तिच्याखाली,
विहिरीत सोडलेल्या दोराच्या शिडीसारख्या.

म्हाताऱ्याची खोड, रिहो म्हणतो.
असेल, औने म्हणते.

तो कोट चढवून निघून गेल्यावर
ती प्रुफाच्या पाठीवर पेन्सिलीने
ओयावेरसारखंच लिहून बघते.
अक्षर.
बरोबर.
आणि हात थांबतो.

इथे, या जागी,
त्याला ठाऊक नव्हतं ओळी किती येणार.
तीन? सात?
मध्य काढायचा तर शेवट आधी माहीत हवा.
त्याचं बरोबर म्हणून झालं होतं,
कशाबरोबर ते अजून यायचं होतं.

मग ती एकच छोटं अक्षर घालते आज्ञेत,
आणि तीनशे चाळीस मॅट्रिक्स
एकदम पहिल्या ओळीवर येऊन ठेपतात.
बहुतेक सगळे.
जिथे पहिल्याच ओळीत अपूर्णांक उंच झालाय
तिथे ती एक खांब रोवते,
उंची आहे, रुंदी शून्य, शाई शून्य.
एन्देल असता तर वाकून बघितलं असतं,
बोलला नसताच काही.
असे सत्तावीस खांब. साडेनऊ वाजतात.

राहता राहिली बाविसावी वही.
तीन ओळी पुऱ्या,
चौथीत एकटं शून्य,
आणि उजवा कंस नाहीच.
यंत्र अडतं. उघडलेलं मिटवा, म्हणतं.
ती कंसाऐवजी एक टिंब देते.
टिंबाने यंत्राचं समाधान होतं,
कागदावर काही उमटत नाही.

दुसऱ्या दिवशी रिहो त्या मोकळ्या जागेभोवती
लाल पेन्सिलीने गोल काढतो. समासात लिहितो:
कंस राहिला.

औने खोडरबर घेते.
लाल पेन्सिल कधी नीट पुसली जात नाही.