दोन हजेरीपट

सोमवार-बुधवार पुरातत्त्वाची पोरं
आमच्या भूशास्त्राच्या वर्गात बसतात.
पेपर एक, हजेरीपट दोन,
केगावच्या उन्हात भणभणणारा पंखा.

मी खापर दाखवलं. म्हटलं,
मातीत बेसाल्टचा चुरा, भाजणी कच्ची.
त्यांच्या हत्तुरे सरांनी काठावरून बोट फिरवलं:
तोंड रुंद. धान्याचं नसावं.

मागच्या बाकावरून श्रीलता येमूल उठली.
चक्क हुंगलं तिनं ते.
"असल्यात आमची अम्मा सुताची खळ शिजवायची.
बुडाला अशीच धरायची."

दोघंही गप्प.
मग दोघांनीही लिहून घेतलं.

मे महिन्यात ऑफिसातून विचारणा:
ही मुलगी नेमकी कुठल्या विभागाची?
थांबा, म्हटलं, हत्तुरेंना विचारतो.

त्यांचा फोन लागेना.
ते मलाच लावत होते.