चाचणी : देवळाली कॅम्प ते भगूर

आधी गाडीभोवती फिरू नका, शमुवेल मिस्त्री म्हणाला,
रंग बघायला लोक लग्नाला जातात.
त्यानं पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकले,
सगळं वजन टाकलं आणि सोडलं.
उजवी बाजू खाली गेली, वर आली, अर्धी खाली, थांबली.
डावी मात्र
हो हो हो करत राहिली
होयबासारखी.
"डॅम्परमधलं तेल गेलंय. हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं,
घेणाऱ्याला नको असतं."

सदुसष्ट सालची मिजेट. हिरवी, दाराच्या कडेला जरा भाजल्यासारखी.
होमायबाई व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत.
किल्ली देताना एवढंच बोलल्या:
दुसऱ्या गियरला ढकलू नको, त्याची वाट बघ.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये ताव तपासले.
चुकलेला ताव आधी बोटाला कळतो, मग डोळ्याला,
साहेबाला सगळ्यात शेवटी.
हे मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला,
मग जे बोटात आहे ते आता कंबरेत आणा.
बसले. जमीन इतकी जवळ
की रस्त्यावरची शेंगांची टरफलं मोजावीत.

कॅम्पातला रस्ता लष्कराचा, गुळगुळीत,
तिथं कुठलीही गाडी शहाणी वाटते.
मिस्त्री शेजारी, डोळे मिटून, मांडीवर वही.
शाळेजवळच्या गतिरोधकावर मागच्या पाट्यांनी एक शब्द काढला,
तो मी इथं लिहीत नाही.
"कडक असू दे," त्याचे डोळे मिटलेलेच,
"कडक वेगळं, मोडकं वेगळं.
मोडकं म्हणजे एकाच खड्ड्याबद्दल दोनदा बोलणं."
मग धडाड!
माझा पाय ब्रेकवर.
"गाडी नाही बाई, तोफखाना. सराव चाललाय त्यांचा."

भगूर मागे पडलं.
स्टिअरिंग दोन बोटं मोकळं. हात सोडले की
गाडी डावीकडे ओढते, वाटेत ओळखीचं घर असल्यासारखी.
डॅशबोर्ड थरथरतो, आरशात मागचा एक ट्रक दोन दिसतो.
टायर नऊ वर्षांचे, खडूसारखे.
"त्यांचं पाप स्प्रिंगच्या माथी मारू नका."
वहीत : उजवा किंगपिन. रबरं सगळी. तारांचं एक चाक, निघताना कट्ट वाजतं.
"आणि भाव करताना तोंड पाडून बसा. मयताला आल्यासारखं."
बरं, म्हटलं.

पण दारणेच्या अलीकडे तो रस्ता वळतो ना,
द्राक्षांच्या मांडवांना बगल देत,
संपलं वाटतं तिथं आणखी आवळणारं वळण,
तिथं मी पाय किंचित उचलला.
मागची चाकं सुटली नाहीत.
गर्दीत कुणी पाठीला हात लावून "इकडून" म्हणावं
तसं नाक आत गेलं.
मी स्टिअरिंग फिरवलं नव्हतं.
फिरवायचं मनात आणलं होतं फक्त.
आणि अख्खा रस्ता तळहातात आला :
इथं ठिगळ, इथं वाळू,
इथं ट्रॅक्टरनं सांडलेला चिखल,
ओला ताव, कोरडा ताव.

मिस्त्रीनं डोळे उघडले. वहीत काही लिहिलं नाही.
पुलावरून वळवून मी ते वळण पुन्हा घेतलं.
मग, काही कारण नसताना, पुन्हा.

होमायबाईंनी गाडीकडे पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहिलं. अंबाडा सुटलेला,
ओठ मिटत नव्हते.
मिस्त्री यादी वाचू लागला,
डॅम्पर, किंगपिन, रबरं, टायर,
अगदी मयताच्या आवाजात.
त्यांनी ती सगळी ऐकून घेतली, पुदिन्याचा चहा ओतला.
"किंमत तीच, दीकरी.
तू वळणापर्यंत गेली होतीस."

बयाण्याचे पैसे मोजताना
मी दोनदा चुकले.