दुसरा चाकू

मामा तलावाचं तुडुम तुंबलं
की सरपंच मलाच फोन लावतो.
पाठीवर जुनं सिलिंडर,
कुशीला दुसरं, लहान –
सुगंधाच्या दोन बकऱ्या विकून घेतलेलं.
दसऱ्यापर्यंत बोलली नाही.

चाकूही दोन.
एक पोटरीला.
एक छातीवर, डाव्या हाताला लागेल असा.
उजवा गुंतलाच तर.

परवा गुंतला.
गाळ उठला, टॉर्चचा उजेड चहासारखा.
ओढलं नाही.
मोजलं: श्वास, श्वास.
मग डाव्यानं एकेक धागा.

काठावर रशी धरणारं कोणी नव्हतं,
सायकल तेवढी, पळसाला टेकलेली.

"गवसलं का काही?"
"जाळं. माझंच. दोन सालांआधी हरपलेलं."

सुगंधानं ते आंगणात पसरलं
अन् मी कापलेली भोकं
बोटांनी मोजत बसली.