डावं मागचं

ऑक्टोबर संपत आला. कॅनोरात रात्री उणे नऊ.
रानहंस कधीच गेले. धान्याच्या कोठीवरचा सुटा पत्रा
वाऱ्यात एकटाच खडखडतो,
आणि खांदा शिवून आणलेला ऑरेस्ट
अंगणात घडीच्या खुर्चीवर, मांडीवर घोंगडी,
मला शिकवतोय
छत्तीस वर्षं मला हात लावू न दिलेलं काम.

"जमिनीवर असतानाच नट सैल कर. मग जॅक."
"समोरासमोरचे घे. ओळीनं नको."
"पान्यावर पाय दे, लाजतेस काय?"
लाजायला मी काय नवी नवरी आहे?
पाय दिला. नट किंचाळला. ऑरेस्ट गप्प.

उन्हाळाभर पडद्यावर एकच रड:
डावं मागचं, सव्वीस.
त्यानं हवा भरली, आकडा जागचा हलला नाही.
पुन्हा भरली. सव्वीस.
"म्हातारचळ लागलाय सेन्सरला," म्हणाला,
आणि त्या पिवळ्या दिव्यावर,
तुटक्या नालेसारख्या खुणेवर, तिच्या पोटातल्या उद्गारचिन्हावर
काळी चिकटपट्टी लावली.
पट्टीखालूनही उजेड झिरपायचा,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखा.

आता ते डावं मागचं माझ्या हातात आहे.
शेडकडे ढकलण्याआधी सहज गेज लावला.
अठ्ठावन्न.
बोटानं वाजवलं तर कच्च्या कलिंगडासारखं टणटण.
मग उजवं पुढचं: बावीस.
त्याच्या खाचेत खिळा, रस्त्यानं घासून चांदीसारखा झालेला.

"ऑरेस्ट, वसंतात चाकं फिरवली होतीस?"
"फिरवली ना. आडवीतिडवी. झीज सारखी व्हावी म्हणून."
"ट्रकला सांगितलंस?"
"ट्रकला काय सांगायचं असतं?"

सांगायचं असतं.
प्रत्येक चाकाच्या पोटात एक इवलं यंत्र,
चाक धावू लागलं की ते आपला नंबर सांगतं, आपलं दुखणं सांगतं.
आपण कुठे बसलोय, ते त्याला ठाऊक नसतं.
ते ट्रकला आपण शिकवायचं.
नाही शिकवलं तर तो जुन्याच जागी कान लावून बसतो:
कण्हतंय उजवं पुढचं
आणि औषध डाव्या मागच्याला.

लेस्या दर रविवारी रेजायनाहून फोन करते.
अर्धा तास रडते, आम्ही पैसे पाठवतो,
काकडीच्या बरण्या पाठवतो, ऑरेस्ट जाऊन तिचा नळ दुरुस्त करून येतो.
डॅरेन म्हणतो, ठीक.
एवढंच. ठीक.

असो. बोटं बधिरलीत.

हिवाळी चाकं चढली. किल्ली फिरवली,
तिच्यावरची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. हॉर्न दोनदा:
ऐकतोय, बोला.
शेजारच्या लायलचं पिवळं यंत्र घेऊन मी निघाले,
ट्रक उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणा.
डावं पुढचं. पों.
उजवं पुढचं. पों.
उजवं मागचं.
उजवं मागचं.
"घाई करू नकोस," खुर्चीतून आवाज आला, पहिल्यांदाच हळू,
"सहा महिने शेडमध्ये झोपलंय ते."
मी यंत्र व्हॉल्व्हला टेकवून ओणवी उभी राहिले,
नाकातून पाणी, गुडघ्यात कळ.
पों.
मग डावं मागचं, आणि शेवटी दोनदा,
लायलचा कुत्रा भुंकायला लागला.

चिकटपट्टी ऑरेस्टनंच सोलली, डाव्या हातानं.
ती बोटाला चिकटून बसली, झटकली तरी सुटेना.
"काय म्हणतंय?"
"अडतीस. चारही."
"गेज लाव," तो म्हणाला. "पडद्याचं काय खरं."
लावला.

स्वयंपाकघरात येऊन हात कढत पाण्याखाली धरले.
आज बुधवार. आमच्याकडे बुधवारी कोणी कोणाला फोन करत नाही.
तरी उचलला,
आणि तेव्हा लक्षात आलं,
डॅरेनचा नंबर मला पाठ नाही.