अकरावं इंजिन

अकरावं मिळालं फैजपूरला, भंगारवाल्या रज्जाककडे,
केळीच्या वजनकाट्याला टेकू म्हणून लावलेलं.
हिरवा पत्रा, जर्मन अक्षरं,
छपरावरचा पेंटोग्राफ अर्धाच.
"खेळनं हाये, घेऊन जा," म्हणाला,
आणि तिथे वीट सरकवली.

घरी मोटर उघडली.
कार्बन ब्रश झिजून तिळाएवढा.
भुसावळच्या शेडमध्ये तीस वर्षं हेच केलं मी,
तिथला ब्रश मुठीत मावत नसे, एवढंच.
पेन्सिलीचं शिसं कापून बसवलं.
बारा व्होल्ट. ठिणगी. आणि तो वास.
मंदा आतून ओरडली, "काय जळालं?"
काही नाही, म्हटलं. चाललं.

रूळ म्हणाल तर माझ्याकडे हातभर.
हातभर जातं,
हातभर येतं.

रात्री दोनला कोळशाची मालगाडी जाते मनमाडकडे.
भिंत थरथरते, कपाट थरथरतं,
आणि बटण कुणी दाबलेलं नसताना
अकराच्या अकरा बोटभर पुढे सरकतात,
काचेला नाक लावून थांबतात.

रविवारी कपाट उघडतो, एकेकाला मागे घेतो.
हिरव्याला मात्र तिथेच राहू देतो.
नवं आहे अजून.